मामाचा प्रोग्रॅम आणि पाचशे पूर

३ फेब्रुवारी

मामा,

साष्टांग नमस्कार उरकून घेते आणि कामाचं बोलते. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ऑफिसातून मला ओरडता येत नाही, म्हणून हा कागद. शिवाय ईमेलमध्ये मी तीन ओळींत पळ काढते अशी तुझी तक्रार आहेच.

तुझा पुराचा प्रोग्रॅम सापडला. आमच्या जलमापन खात्याच्या जुन्या सर्व्हरवर एका कोपऱ्यात झोपला होता. म्हणजे तू हाताने लिहिलेला मजकूर नव्हे, तो मधल्या दोन स्थलांतरांत कुठे गेला कोणालाच ठाऊक नाही. उरली आहे ती त्यातून कंपाईल करून ठेवलेली फाईल. ती आपल्याला वाचता येत नाही, यंत्राकडून चालवून मात्र घेता येते.

घाई अशी की महापालिकेला पावसाळ्याआधी शहराची नवी पूररेषा हवी आहे, शंभर वर्षांतून एकदा येणारं पाणी कुठवर चढेल ती. रेषेच्या आत येतील ती घरं रिकामी करून लोकांना टेकडीमागच्या नव्या इमारतींत हलवणार. एक सल्लागार सगळं नव्याने लिहून देतो म्हणाला आणि त्याने दोन वर्षं मागितली. मी साहेबांना म्हटलं, जुनं गणित खणखणीत आहे, त्याला हात नको लावायला. मी पायथन या आजच्या संगणकी भाषेतून त्याला हाक मारते, वादळ हातात देते, पाणी किती चढलं ते विचारून घेते. साहेब म्हणाले, बघा जमतंय का.

हाक मारली. तो ओ न देता मरतो. चूक काय झाली हेही सांगत नाही, सगळं बंद करून मोकळा होतो. चार दिवस घोडं तिथेच पेंड खातंय. तेव्हा तू आठवून सांग, त्याला काय काय लागतं आणि कुठल्या क्रमाने?

आणखी एक. तुमची गल्ली या अभ्यासात आहे. नदीकडून तिसरं घर तुमचं, हे मी साहेबांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. ते म्हणाले, "गल्ली नकाशात आहे, तुमचं नातं नकाशात नाही. आकडे बाहेरच्या इंजिनियरकडून तपासून घेऊ म्हणजे झालं." तरी मला जरा धाकधूक आहे. मामीचा शिवणवर्ग कसा चाललाय?

तुझी,
खारूताई


९ फेब्रुवारी

चि. खारूताई,

पत्र दोनदा वाचलं, एकदा चष्म्याशिवाय आणि एकदा चष्मा लावून. दोन्ही वेळा तू माझ्या प्रोग्रॅमला झोपला, मेला असंच म्हटलं आहेस. सरकारी नोकर होता तो. निवृत्त झाला म्हणावं.

तो मरतो कारण तू आकडा त्याच्या हातात देते आहेस. तो फोर्ट्रान या जुन्या भाषेच्या वळणाचा आहे, त्याला आकडा नको असतो. आकडा जिथे ठेवलाय त्या जागेचा पत्ता दे, तो स्वतः जाऊन बघेल. तू नुसते बारा दिलेस की तो बारा नंबरच्या घराचं दार वाजवतो. तिथे भलताच कोणी राहत असतो आणि मग मारामारी होते. क्रम लिहून घे: आधी पाऊस, मग नकाशाच्या चौकोनांची संख्या, मग जमिनीच्या उंचीचा तक्ता, आणि शेवटी एक रिकामा तक्ता. त्यात तो पाण्याची खोली भरून देईल. शहराच्या वरच्या अंगाला जे धरण आहे त्याचं काही देऊ नकोस, ते त्याच्या आतच बांधलेलं आहे. भर पावसाळ्यातलं धरण, पाऊण भरलेलं.

तक्ता देताना जप. तुझी भाषा तक्ता आडव्या ओळींनी वाचते आणि हा उभ्या रांगांनी. याच्यावर दोनदा रेघ मारली आहे, तरी तू विसरशील.

आमच्या वेळी आठवड्यातून एक पूर चालायचा. चार खात्यांत मिळून एक यंत्र होतं आणि आमची पाळी मंगळवारी यायची. मंगळवारी वादळ द्यायचं, बुधवारी छापील कागद घ्यायचे आणि उरलेला आठवडा त्यावर भांडायचं. शेवटच्या ओळीत "शिल्लक पाणी शून्य" असं आल्याशिवाय आमचे साहेब सही करत नसत. जेवढं आलं तेवढं समुद्राला गेलंच पाहिजे, एवढा हट्टी माणूस. त्या शून्यासाठी मी किती डोकं खाजवलं ते माझं मला माहीत.

मामी विचारते आहे, वर्गात नवी फरशी घालायची का थांबायचं? खालची जमीन खचली आहे, शिवणयंत्रं डुगडुगतात, बायकांच्या टिपा वाकड्या जातात. मी म्हटलं थांब. ती म्हणाली, "लग्न झाल्यापासून तुमच्या नदीसाठी थांबतेच आहे मी."

घराचं काय निघेल ते मला अर्धवट कळवू नकोस. सगळं झालं की एकदाच सांग. नाहीतर मला तुझ्या चुका आवडायला लागतील.

मामा


२६ फेब्रुवारी

मामा,

चालला! पत्ते दिल्याबरोबर सुतासारखा सरळ. माझ्या घरच्या लॅपटॉपवरसुद्धा चालतो. तू गल्लीत राहून त्याच्याशी बोलतोयस असं वाटलं मला.

आधी फजिती सांगते. पहिल्या दिवशी नकाशा काढला तर टेकडीवरची पाण्याची टाकी बुडालेली आणि नदी ठणठणीत कोरडी. साहेब मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पाणी चढ चढायला लागलं तर मग आपलं खातं बंदच करू." तू रेघ मारली होतीस दोनदा, आणि मी विसरले. आपला नकाशा चौरस आहे, जितके चौकोन आडवे तितकेच उभे, त्यामुळे तक्ता आडवातिडवा गेला तरी प्रोग्रॅमने हू की चू केलं नाही. पूर्व-पश्चिमेची अदलाबदल उत्तर-दक्षिणेशी झाली एवढंच. आता दुरुस्त आहे.

मग परीक्षा घेतली. मी शाळेत असताना तुमच्याकडे राहायला आले होते तेव्हाचा तो मोठा पूर आठवतो? त्याचा खरा पाऊस दिला. उत्तर आलं, पाणी गल्लीच्या तोंडाशी, नदीकडच्या पहिल्या घराच्या पायरीपर्यंत. तसंच झालं होतं ना? बाहेरच्या इंजिनियरने जुन्या नोंदींशी ताडून पाहिलं, चार बोटांचा फरक. त्यांनी मान डोलावली.

त्याच्यामागे रांग लावली. वेगवेगळी पाचशे वादळं, लहान, मोठी, राक्षसी. तुमच्या मंगळवारांच्या हिशेबाने दहा वर्षांचं काम, ते दुपारच्या चहापर्यंत संपलं. प्रत्येकाच्या शेवटी तुझं शिल्लक पाणी शून्य. तुझ्या त्या हट्टी साहेबांनी पाचशे सह्या केल्या असत्या.

आता ऐक. तुमची गल्ली पूररेषेच्या बाहेर आहे, तीही चांगल्या अंतराने. मला राहवलं नाही, मामीला फोन करून सांगून टाकलं. ती म्हणाली, "उद्याच मिस्त्रीला बोलावते." सगळ्या वादळांचा तक्ता सोबत जोडला आहे. तुला शब्दांपेक्षा आकडे गोड लागतात.

खारूताई


६ मार्च

चि. खारूताई,

तक्ता मिळाला.

काल मिस्त्रीने जुनी फरशी उपटली. घरभर धूळ आहे. शिवणयंत्रं स्वयंपाकघरात आणून ठेवली आहेत, त्यामुळे मी बाहेरच्या ओट्यावर बसून लिहितो आहे. मामी खुशीत आहे. वर्गातल्या बायकांना घेऊन फरशीचा रंग निवडायला गेली होती.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तो जुना मोठा पूर तू रांगेत कितवा चालवलास? आणि एकच वादळ लागोपाठ दोनदा चालवून बघशील का? मधे काहीही न बदलता. उत्तर लवकर पाठव.

मामा


११ मार्च

मामा,

मोठा पूर पहिला होता, रांगेत सगळ्यांच्या पुढे. का?

एकच वादळ दोनदा चालवून काय मिळणार? तोच प्रोग्रॅम आणि तोच पाऊस असेल तर उत्तर तेच येणार. ते यंत्र आहे, आपल्या आत्यासारखं रोज वेगळं बोलत नाही.

खरं सांगू, मला थोडं लागलं. निकाल तुमच्या बाजूने लागला तरी तू एक चांगला शब्द लिहिला नाहीस. लोक म्हणतील भाचीने मामाचं घर वाचवलं, त्याची भीती वाटते का तुला? त्यासाठीच तर बाहेरचे इंजिनियर ठेवले आहेत. का तुझ्या प्रोग्रॅमला दुसऱ्याने हात लावलेला तुला रुचत नाही? मी त्यात एक अक्षरही बदललेलं नाही. बाहेरून बोलावते, काम सांगते, परत पाठवते.

अहवाल लिहून झाला आहे. महिनाअखेर महापालिकेची बैठक. मामीला सांग, फरशी फिकट रंगाची घे, पडलेल्या टाचण्या दिसतात.

खारूताई


१६ मार्च

खारूताई,

तळपायाची आग मस्तकात गेली होती पत्र वाचून. ओट्यावर दोन येरझाऱ्या घातल्या, आता शांतपणे लिहितो. तूही शांतपणे वाच.

तुझ्या तक्त्यात बघ. मोठ्या पुरापेक्षा दीडपट पाऊस पाडणारी वादळं आहेत त्यात. त्यांचं पाणी गल्लीच्या तोंडाशीसुद्धा पोचत नाही. दीडपट पाऊस आणि कमी पाणी. तू शेवटची बेरीज बघितलीस, मधल्या ओळी बघितल्या नाहीस. तुझ्या त्या इंजिनियरनेही फक्त पहिलीच ओळ ताडून बघितली.

कारण असं आहे. साहेबांना शेवटी शून्य हवं होतं हे मी तुला लिहिलंच होतं. पण पूर ओसरल्यावर धरणात पाणी उरायचंच, मग शून्य कुठून येणार? म्हणून मी शेवटच्या पायरीला धरणाची सगळी दारं उघडून ते पार रिकामं करत असे. हिशेब जुळायचा, सही व्हायची, प्रोग्रॅम संपायचा. पुढच्या मंगळवारी तो नव्याने यंत्रात चढायचा तेव्हा धरण परत पाऊण भरलेलं असायचं, कारण तो आकडा चढतानाच एकदा भरला जातो. आम्हाला दुसरं काही करण्याची गरजच नव्हती. एका बैठकीत दोन पूर चालवील असा माणूस तेव्हा जन्माला यायचा होता.

तू त्याला परत पाठवतेस म्हणतेस ना, तो परत जात नाही. तिथेच बसून राहतो, रिकामं धरण मांडीवर घेऊन. तू दुसरं वादळ देतेस, ते सगळं त्या रिकाम्या धरणात मावतं. तिसरंही तसंच. पहिला पूर तेवढा खरा. बाकीचे सगळे शहराला न शिवता धरणात गेले.

तुला मूळ मजकूर नसताना आत दुरुस्ती करता येणार नाही, पण करायचीही गरज नाही. दर वादळाला प्रोग्रॅम नव्याने चढव, काम घे, पूर्ण बंद कर, मग पुढचं वादळ. चहा दोनदा प्यावा लागेल एवढंच.

याचा अर्थ काय होतो ते मला पहिल्या दिवशीच कळलं, तक्ता उघडला तेव्हा. ओट्यावरून नदी दिसते. मला हे घर सोडायचं नाही. या वयात टेकडीमागे जाऊन मी कोणाशी बोलू, आणि तिथे कोणी बोललं तर मला ऐकू कुठे येणार? पण गल्लीत लहान पोरं आहेत, माझ्यासारखे धावपळ न जमणारे म्हातारे आहेत. त्यांच्या दाराशी पाणी येणार हे ठाऊक असून मी गप्प बसलो तर मला जेवण जाणार नाही.

मामीला सांगितलेलं नाही. फरशीच्या शेवटच्या दोन रांगा राहिल्या आहेत.

मामा


२४ मार्च

मामा,

एकच वादळ दोनदा चालवलं. पहिल्यांदा पाणी पायरीला लागलं. दुसऱ्यांदा नदी पात्राबाहेर आलीच नाही. तिसऱ्यांदा चालवलं, तरी तेच. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी पाणी आणून दिलं.

तुला जे बोलले ते बोलायला नको होतं. तू माझी चूक शोधत होतास आणि मी तुझ्या मनात खोट शोधत बसले.

तू सांगितलंस तसं केलं, दर वादळाला नवा प्रोग्रॅम. दीड दिवस लागला. आता मोठा पाऊस आणि मोठं पाणी असं सरळ आहे, इंजिनियरने या वेळी मधल्या ओळीही बघितल्या. नवी रेषा तुमच्या गल्लीवरून पार वर जाते, लॉण्ड्रीच्या कोपऱ्यापर्यंत. अख्खी गल्ली आत आहे. तुमच्या घरात, वर्गाच्या खोलीत, पाणी सव्वाचार फूट.

साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी दार लावून घेतलं. म्हणाले, "जुना अहवाल गोड होता. सगळे खूश होते." मी म्हटलं, पाण्याला गोड-कडू कळत नाही. मग त्यांनी विचारलं, पावसाळ्यात धरण अर्धंच भरून ठेवलं तर? धरणाचा आकडा प्रोग्रॅमच्या आत, म्हणून तेवढं इंजिनियरकडून हाताने मांडून घेतलं. गल्ली वाचते, पण उन्हाळ्याचे शेवटचे दोन महिने निम्म्या शहराच्या नळांना पाणी नाही. मग तो नाद सोडून ते सही करून मोकळे झाले.

नवा अहवाल महापालिकेत दिला आणि मग हे पत्र लिहायला बसले. मुद्दामच. आधी तुला विचारलं असतं तर तू दे म्हणाला असतास. पण मामीला विचारावं लागलं असतं, आणि तिला नाही म्हणायची माझी हिंमत झाली नसती. तिला मी फोनवर खुशखबर दिली होती. आता फोन हातात घेते आणि ठेवून देते. तू सांगशील का? का मी येऊ?

खारूताई


९ एप्रिल

खारूताईस,

मी कधी पत्र लिहीत नाही. तुझ्या मामाचे एवढे कागद येतात-जातात की मला वाटायचं, या घरात लिहिण्याचा कोटा त्यांनीच संपवला. पण फोनवर मी रडेन किंवा तुला बोलेन, म्हणून लिहिते.

तुझ्या मामाने मला सांगितलं. फरशी पूर्ण होऊन शिवणयंत्रं जागेवर गेली, बायकांनी पहिल्या दिवशी टिपा घालून बघितल्या, सरळ आल्या, सगळ्या घरी गेल्या आणि मग सांगितलं. मी विचारलं, हे कधी कळलं? तर म्हणे, मिस्त्री यायच्या आधीच. मग फरशी का घालू दिलीत? म्हणाले, "तुला एकदा तरी हवी तशी बघू दे म्हटलं." या माणसाचं काय करायचं ते तूच सांग. दोन दिवस मी बोलले नाही. त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे त्यांना कळायलाही एक दिवस लागला.

तुझ्यावरही राग आहे. तो आहे म्हणून सांगते, ठेवून दिला तर आंबेल. आपला निकाल चांगला लागला होता, कोणी विचारायला आलं नव्हतं, आणि तुम्ही दोघं मामा-भाची बसलात परत परत पूर आणत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शंभरातून एका वर्षी येणारं पाणी. ते वर्ष माझ्या हयातीत येईलच असं कोणी लिहून देणार आहे का? असं मी सगळं बोलले त्यांना. कागदावर लिहून दाखवलं, म्हणजे नीट कळावं.

त्यांनी टेप आणला, खडू आणला आणि वर्गाच्या भिंतीवर सव्वाचार फुटांवर एक रेघ ओढली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, खिडकीच्या खालून, कपाटावरून. म्हणाले, "एवढं." आणि ओट्यावर जाऊन बसले.

मी रेघेपाशी उभी राहिले. माझ्या खांद्याला येते. म्हटलं, ठीक आहे, खांद्याला येऊ दे, मी काय बुडत नाही. दुसऱ्या दिवशी वर्ग भरला. बायकांनी विचारलं, ही रेघ कसली? मी सांगितलं. कोणी मान्य करीना. एकेक जण उभी राहून बघायला लागली, कुणाच्या छातीला, कुणाच्या गळ्याला. हसल्या पण थोड्या. समोरच्या घरातली शिवायला येते ना, तिची मुलगी शाळेतून येऊन तिथे चिंध्यांशी खेळत असते. यंदा पहिलीत गेली. तिला वाटलं उंची मोजतायत, म्हणून तीही जाऊन भिंतीला पाठ लावून ताठ उभी राहिली. रेघ तिच्या डोक्याच्या वर चार बोटं होती. ती टाचा उंच करून म्हणाली, "आता लागली का?"

तिच्या आईने तिला उचलून घेतलं आणि त्या दिवशी लवकर घरी गेली. तेव्हापासून फरशीचं नाव मी काढलेलं नाही.

काल गल्लीतल्या आम्ही सगळ्या महापालिकेत जाऊन आलो. मला टेकडीमागे वर्गासाठी तळमजल्याची खोली हवी, रस्त्याकडे दार असलेली, नाहीतर सही करणार नाही, असं मी तिथल्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, बघू. मी म्हटलं, बघू नको, लिही. त्याने लिहिलं. बाकीच्यांनीही मग आपापलं लिहवून घेतलं.

शिवणयंत्रं पुढच्या रविवारी हलवायची आहेत. जड आहेत आणि तुझा मामा उचलायला गेल्याशिवाय राहणार नाही. तू ये.

मामी